एकाच सोमवारचे तीन होकार

माझा मुलगा एखाद्या दिवशी पाच हजार फुटांवर असेल, कोणीतरी रेडिओवरून त्याला भलतंच काहीतरी करायला सांगेल, आणि सांगणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हा ‘हो’ म्हणेल. ही भीती काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. कुशी बदलून झाल्या, पाणी पिऊन झालं, शेवटी उठून जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसले आहे.

हसू नका. तुम्ही त्याला ओळखत नाही. वय छत्तीस, उंची सहा फूट, आवाज भरदार, आणि एवढ्या मोठ्या देहात ‘नाही’ हा शब्द कुठेही ठेवलेला नाही. जन्मल्या जन्मल्या नर्सने हाताची दहा आणि पायाची दहा बोटं मोजून दाखवली होती. तेव्हाच हेही बघून घ्यायला हवं होतं.

अशा माणसाला भिडस्त म्हणतात, आणि लोक ते कौतुकाने म्हणतात. “किती भिडस्त मुलगा आहे हो तुमचा!” असं म्हणतात आणि मग त्याच्याकडून आपलं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवून घेतात. शाळेत तो नऊ वर्षं गोलरक्षक होता. गोल अडवता येत नव्हते, पण त्या जागी दुसरं कोणी उभं राहायला तयार नव्हतं. एका सामन्यात समोरच्यांनी अकरा गोल केले. हा घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, “त्यांना किती आनंद झाला गं आई.”

कॉलेजात असताना दोन वर्षं त्याने एका परक्या भाषेचा वर्ग केला. नाव नोंदवलं होतं हिशेबाच्या वर्गाला. पहिल्या दिवशी चुकून शेजारच्या खोलीत शिरला, तिथल्या बाई “या, बसा” म्हणाल्या, आणि हा बसला. अजून त्याला त्या भाषेत रेल्वे स्टेशन कुठे आहे ते विचारता येतं. त्याच्या घरात पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं आहेत, कारण विकणारे तीन वेळा आले.

लग्नाचंसुद्धा सूनबाईनेच विचारलं. ती मोठी हुशार. विचारलं, त्याने हो म्हटलं, आणि मग ती आठ दिवस मुद्दाम त्याला भेटलीच नाही. “आई, त्याच्या ‘हो’वर कोण विश्वास ठेवणार?” ती मला नंतर म्हणाली. “पण आठही दिवस संध्याकाळी खाली फाटकाशी येऊन उभा राहायचा. मग म्हटलं, हा खरा हो आहे.”

आता गंमत अशी, की हाच माणूस पोटापाण्यासाठी दिवसभर लोकांना नापास करत फिरतो. वजनकाटे तपासणं हा त्याचा धंदा. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनांची पेटी घेऊन तो सराफांकडे जातो, औषधांच्या कारखान्यात जातो, बेकऱ्यांमध्ये जातो. काटा बरोबर असेल तर हिरवी पट्टी, चुकत असेल तर लाल. लाल पट्टी लावताना ठरलेलं एक वाक्य म्हणतो: “तपासणीअंती हा काटा वापरण्यास योग्य आढळला नाही.” त्यावर लोक रडले आहेत, ओरडले आहेत, एका बेकरीवाल्याने त्याच्यासमोर पाव आपटला आहे. हा ढिम्म. मी एकदा विचारलं, “अरे, तिथे कसं जमतं तुला?” तर म्हणाला, “तिथे मी कुठे नाही म्हणतो? वजन म्हणतं.”

विमानाचं असं झालं, की त्याच्या एका मित्राला उडायला शिकायचं होतं. हा सोबत म्हणून गेला. मित्र पहिल्याच फेरीत हिरवानिळा होऊन उतरला आणि परत त्या धावपट्टीकडे फिरकला नाही. शिकवणारे होते त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजी याला म्हणाले, “मग तुम्ही मंगळवारी येताय ना?” आता एका म्हाताऱ्या माणसाने मंगळवारी येताय ना म्हटल्यावर हा काय करणार? चौदा महिने प्रत्येक मंगळवारी गेला आणि विमान चालवायचा परवाना घेऊन आला. पुढे गुरुजींचे गुडघे गेले. त्यांचं स्वतःचं चार जणांचं छोटं विमान होतं. त्यांनी याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, “याला आता तू सांभाळ.” घरी सायकल ठेवायला जागा नव्हती तेव्हा. पण सांभाळायला घेतलं.

खोटं कशाला सांगू, तिथे मात्र त्याचा हो मनापासूनचा झाला. रविवारी सकाळी त्या विमानाच्या काचा पुसताना त्याचा चेहरा बघावा. मी एकदाच बसले आहे त्यात. बसायचं नव्हतं, पण तो एवढ्या आशेने दार उघडून उभा होता की मला नको म्हणवेना. डोळे मिटून चाळीस मिनिटं बसले आणि उतरल्यावर म्हणाले, “काय सुंदर दिसतं रे वरून!”

विमान त्याच्याहून चार वर्षांनी मोठं आहे. समोरच्या पॅनेलवर जुन्या गोल तबकड्या. त्यातली मधली तबकडी, विमान सरळ आहे की कललंय ते सांगणारी, अलीकडे आळशी झाली होती. विमान जमिनीवर निवांत उभं असतानाही ती म्हणे की आपण डावीकडे कललो आहोत. मुलगा टिचकी मारायचा, मग ती सरळ व्हायची. सराफाच्या काट्यात गुंजभर फरक असला तर लाल पट्टी, आणि स्वतःच्या विमानात टिचकी! कारण काय, तर गुरुजींनी प्रेमाने दिलंय. बदललं तर त्यांना काय वाटेल.

एका रविवारी तो आणि सूनबाई विमानाने परत येत असताना धुरकट हवेत सापडले. वर-खाली सगळं एकाच रंगाचं. तबकडी डावीकडे कलली. याने टिचकी मारली. ती उजवीकडे कलली. सूनबाई दवाखान्यात रोज भाजलेल्या, मोडलेल्या माणसांची सेवा करते, सहजासहजी घाबरणारी नव्हे. उतरेपर्यंत तिने सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला. घरी येऊन पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, “हे पॅनेल बदलल्याशिवाय मी त्यात बसणार नाही. आणि तूही नाही.”

“हो,” मुलगा म्हणाला. हे एक बरं असतं.

विमानाचं पॅनेल म्हणजे काही कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याचं काम नव्हे. त्यासाठी वेगळी दुकानं असतात. विमान महिना-दीड महिना त्यांच्याकडे ठेवावं लागतं. ते समोरचा पत्रा उघडतात, जुन्या वायरी ओढून काढतात, तबकड्यांच्या जागी नवे पडदे बसवतात, नवा रेडिओ आणि विमान आपोआप सरळ ठेवणारा ऑटोपायलट बसवतात, आणि शेवटी कागदावर सही करतात की हे आता उडायला योग्य आहे. दुकान निवडण्यात चूक झाली तर ती दुकानात कळत नाही. ढगात गेल्यावर कळते.

गाडीने दोन तासांच्या आत अशी तीन दुकानं होती. मुलाने तिन्ही बघायचं ठरवलं, तीन शनिवारी तीन. विमान नेऊन सोडायला त्याने महिन्याच्या पहिल्या सोमवारी रजा टाकून ठेवली होती. सूनबाईला शनिवारी दवाखान्यात पाळी असते, म्हणून तिने मला बोलावून घेतलं.

“आई, तुम्ही जा याच्याबरोबर. हा हो म्हणायला लागला की चिमटा काढा. एक चिमटा म्हणजे थांब, दोन म्हणजे ऊठ.”

“मी समोरच बसलोय,” मुलगा म्हणाला.

“बरं झालं. म्हणजे तुलाही खूण कळली.”

मुलाने वजनकाटे तपासायच्या त्याच्या वहीत प्रश्न लिहून घेतले. काम नक्की कोणाच्या हातून होणार, असलं विमान पूर्वी किती वेळा केलंय, किती आठवडे लागतील, आतल्या वायरींचा नकाशा आम्हाला मिळेल का, आणि नंतर बिघडलं तर फोन कोण उचलेल. वही बघून मला धीर आला. म्हटलं, वही विचारेल, याला काही बोलावं लागणार नाही.

पहिलं दुकान मोठं होतं. लादी अशी चकचकीत, की त्यात आपलाच चेहरा बघत चालावं लागे. मालकाचं नावही आम्ही चकचकीतच ठेवलं. भिंतीवर दाराएवढे पडदे, कॉफीचं यंत्र, आणि मऊ चामड्याच्या खुर्च्या, इतक्या खोल की बसलं की गुडघे कानाशी. तो माझ्या मुलाला प्रत्येक वाक्यात दोनदा सर म्हणत होता.

“काम कोण करणार?” मुलाने वहीतून विचारलं.

“टीम करते सर.”

“टीमला भेटता येईल का?”

“टीम आत्ता बाहेर आहे सर.”

“काम कुठे चालतं ते बघू?”

“सर, तिथे ऑइल-बिइल असतं सर. तुमचे बूट खराब होतील.” मग त्याने आणखी तीन वस्तू यादीत घातल्या, ज्यांतली एक बाहेरचं तापमान दोन ठिकाणी दाखवणार होती. “मग सर, पहिल्या सोमवारी आणताय ना विमान? मी टीमला सांगून ठेवतो.”

मुलाच्या मानेची पहिली हालचाल दिसताच मी चांगला नखांनी चिमटा काढला.

“हो— आई गं!” मुलगा म्हणाला.

“वा!” चकचकीत उठून उभा राहिला. “म्हणजे आईसाहेबांचाही आशीर्वाद आहे!”

दोन चिमटे काढून उपयोग नव्हता. त्या खुर्च्यांतून उठणं दोघांनाही जमत नव्हतं.

दुसरं दुकान एका छोट्या धावपट्टीच्या टोकाला, पत्र्याच्या हँगरमध्ये. तिथे एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. हाताखाली दोन माणसं, दोघंही अबोल. लांब बाकावर एका विमानाच्या वायरींची जुडी पसरली होती, वेणीसारखी घट्ट आणि सारखी बांधलेली. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना बारीक अक्षरांत तिचा नंबर. मी शाळेत शास्त्र शिकवायचे, प्रयोगशाळेत मुलींनी केलेला वायरींचा गुंता सोडवण्यात माझी वीस वर्षं गेली. ती जुडी बघून मला एकदम आपल्या माहेरी आल्यासारखं वाटलं.

मुलगा वही उघडायच्या आत बाईच विचारू लागल्या. “वर्षाला किती तास उडवता? रात्री? ढगात जाता?”

“कधी कधी… सापडतो.”

“सापडता की जाता?”

मुलाचे कान लाल झाले. “दोन्ही.”

बाईंनी यादी हातात घेतली. बोट खाली सरकत गेलं. “बाहेरचं तापमान दोनदा कशाला?”

“ते त्या दुसऱ्या दुकानात म्हणाले…”

“त्यांचं राहू द्या. तुम्हाला हवंय का?”

मुलाने मान हलवली. ती उभी हलली की आडवी, ते मला, त्याच्या आईला, कळलं नाही. लोक अशा वेळी आपल्या सोयीचा अर्थ लावतात. बाई थांबल्या. नाकावरचा चष्मा काढला, कपाळावरचा खाली ओढला.

“तोंडाने सांगा.”

“नाही,” मुलगा म्हणाला.

किती हळू! पण म्हणाला. मी चिमट्यासाठी वर नेलेला हात तसाच खाली घेतला.

“सोमवारी सकाळी नऊला आणा,” बाई म्हणाल्या. “सहा आठवडे. पाच म्हणणार नाही. काम झालं की पहिल्या फेरीला मी शेजारी बसते. ज्यात मी बसत नाही, ते विमान मी मालकाला देत नाही.”

“हो,” मुलगा म्हणाला, आणि हा हो फाटकाशी उभा राहणाऱ्यातला होता.

गाडीत मी म्हटलं, “झालं, ठरलं. आता चकचकीतला कळवून टाक.”

“कळवतो.”

“आणि तिसरीकडे जायची गरजच नाही.”

“काकांकडे नुसतं भेटून येऊ. गुरुजींनी सांगितलंय. काम द्यायचं नाही, नुसतं भेटायचं.”

मी मान हलवली. माझी मान उभी हलली होती.

तिसऱ्या शनिवारी काकांकडे गेलो. काका म्हणजे गुरुजींचे जुने स्नेही, पंच्याहत्तरीचे, जुन्या धावपट्टीला लागून असलेल्या घरामागच्या शेडमध्ये एकटेच काम करणारे. भिंतीला बिस्किटांच्या डब्यांची रांग. डब्यावर ‘स्क्रू’ लिहिलेलं, आत बल्ब. शेडच्या मधोमध एक लाल विमान, समोरचं पॅनेल उघडं, वायरी बाहेर लोंबणाऱ्या. “दोन वर्षं झाली याला,” काका प्रेमाने म्हणाले. “मालकाला घाई नाही.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं, हसले, आणि उलटा करून ठेवला. “मालकाचा आहे,” म्हणाले.

पण माणूस काय गोड! मुलाचा हात दोन्ही हातांत धरला. “तुझ्या विमानातला पहिला रेडिओ मी बसवलाय. पॅनेलच्या मागे डावीकडे पेन्सिलने माझी सही असेल बघ. तेव्हा अंधार पडेपर्यंत काम करायचो.” मग थोडं थांबून, “हल्ली कोणी येत नाही. सगळ्यांना पडदे हवेत.” डब्यातली बिस्किटं आमच्यापुढे धरली. त्या डब्यात खरंच बिस्किटंच निघाली.

आम्ही निघालो तेव्हा काकांनाही त्याच सोमवारचा होकार मिळाला होता. कसा, ते पुढे लिहीन. आत्ता हात वळत नाही.

आज संध्याकाळी दोघं आमच्याकडे जेवायला आली होती. परवा तो सोमवार. माझी समजूत अशी, की चकचकीतला आणि काकांना यानं कधीच कळवून टाकलं असेल. त्याची समजूत काय होती ते त्यालाच माहीत. जेवता जेवता त्याचा फोन टुणकन वाजला. सूनबाईने बघितलं आणि मोठ्याने वाचलं: “सर, टीम सोमवारी नऊ वाजता सज्ज आहे सर.” दोन मिनिटांनी काकांचा फोन. त्यांचा आवाज टेबलाच्या टोकाला बसलेल्या आमच्या ह्यांनाही ऐकू गेला. “अरे, त्या लाल विमानाला ढकलत ढकलत अंगणात काढलं! शेड झाडून ठेवली तुझ्यासाठी!”

“वा काका,” मुलगा म्हणाला आणि फोन ठेवला.

“सोमवारी नऊ वाजता तू नक्की कुठे असणार आहेस?” सूनबाईने विचारलं.

“आहे माझ्या डोक्यात.” त्याने कागद घेतला, त्यावर एक लांबट चौकोन काढून त्यात तीन चौकोन पाडले. “हे बघ, हे पॅनेल. डावीकडचे पडदे बाई बसवतील. मग तिथून मी विमान चकचकीतकडे नेईन, ते मधला ऑटोपायलट करतील. मग काकांकडे. उजवीकडचा रेडिओ काकांचा. सगळ्यांना थोडं थोडं.”

वाढदिवसाचा केक कापावा तसं त्याने विमान कापलं होतं. लहानपणी घरी पाहुण्यांची मुलं आली की मीच त्याला सांगायचे, सगळ्यांना थोडं थोडं दे. हातातला घास मी परत ताटात ठेवला.

आमचे हे निवृत्त होईपर्यंत बसगाड्यांची वेळापत्रकं करायचे. त्यांचा आवाज कधी चढत नाही. चष्मा लावून त्यांनी तो कागद नीट बघितला. “म्हणजे वर काही बिघडलं, तर तू या तिघांना फोन करणार. आणि तिघंही सांगणार, आमची वायर ठीक आहे, त्या दोघांना विचारा.”

“बाबा, ढगातून फोन लागत नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

सूनबाईने ताट बाजूला सारलं. “तू तिघांना शब्द दिलायस. मीही आहे ना त्यात? मी तुझ्या शेजारी बसते. माझं वाईट वाटणं कुठल्या चौकोनात बसवलंयस?”

मुलाने कागदाकडे बघितलं. चौकोन तीनच होते.

ती उठली, त्याच्या पिशवीतून वही आणि लाल पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन आली, दोन्ही त्याच्यासमोर ठेवलं. “तपासणी केलीस ना? निकाल वाच.”

त्याने वही उघडली. मी वाकून बघितलं. पहिल्या पानावर: ‘काम करणारा माणूस दिसला नाही. कामाची जागा दाखवली नाही.’ दुसऱ्यावर: ‘सर्व ठीक. वायरींना दोन्ही टोकांना नंबर.’ तिसऱ्यावर: ‘तारीख सांगितली नाही. मालकाचा फोन उचलला नाही. बिस्किटं चांगली.’ म्हणजे याला सगळं माहीत होतं! पहिल्या दिवसापासून!

“आता ज्या आवाजात बेकरीवाल्याला सांगतोस, त्या आवाजात,” सूनबाई म्हणाली, चकचकीतचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“सर! बोला सर! टीम—”

मुलगा खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला. एक हात वहीवर. “तपासणीअंती,” तो म्हणाला, आणि आवाज घोगरा झाला. सूनबाईने एक लाल पट्टी सोलून त्याच्या तळहातावर चिकटवली. “तपासणीअंती आपलं दुकान… या कामासाठी… योग्य आढळलं नाही.”

पलीकडून त्यांच्या कॉफीच्या यंत्राची घुरघुर ऐकू आली. मग चकचकीत अगदी बारीक आवाजात म्हणाला, “सर… पुन्हा तपासणी कधी असते सर?”

“सहा महिन्यांनी,” मुलगा सवयीने म्हणाला आणि फोन बंद केला.

ह्यांना ठसका लागला. सूनबाई टेबलावर डोकं टेकून हसत होती. मुलगा घामाने भिजला होता, पण मी त्याला इतकं उंच कधी बघितलं नव्हतं. त्याने पुन्हा वाढून घेतलं. मला वाटलं, सुटलो. जीव भांड्यात पडला.

“आता काका,” सूनबाई म्हणाली.

मुलाने फोन उचलला. मग तो माझ्यासमोर ठेवला.

“मी कशाला?” मी म्हटलं.

“आई, काकांना हो कोण म्हणालं?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. आता लिहितेच. त्या शेडमध्ये काका म्हणाले, “मग सोमवारी आणतोस ना?” आणि माझा मुलगा काहीच बोलला नाही. त्याने श्वास घेतला होता. चेहरा अगदी तसा, जसा त्या बाईंसमोर ‘नाही’ म्हणायच्या आधी होता. आणखी दोन सेकंद मिळाले असते तर तो म्हणाला असता. पण काका माझ्याकडे वळले, त्यांच्या हातात तो डबा होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि मी, तोंडात बिस्किट असताना, म्हणाले, “अहो, तुमच्याशिवाय या विमानाला हात कोण लावणार! सोमवारी आणतोच!”

पाठवलं होतं पहारा करायला.

“मी चिमटा काढला होता,” मुलगा सूनबाईला सांगत होता. “दोन काढले.”

हे खरं आहे. कोपराजवळ अजून निळं आहे. मला वाटलं होतं, गाडीच्या दाराचं लागलं असेल.

“आणि ती पाण्याची यंत्रं,” आमचे हे शांतपणे म्हणाले, “त्यातलं एक आपणच त्याला दिलेलं आहे. आपल्याकडे दोन झाली होती म्हणून.”

जाताना सूनबाई दारात थांबली. “आई, आज रात्रीच करा. उद्या दिवसभर ते शेड झाडत बसतील.” मुलाने वही आणि एक लाल पट्टी टेबलावर ठेवली. “निकाल लिहिलेला आहे, आई. तू फक्त वाच.”

आता पावणेबारा होत आले आहेत. काका म्हणाले होते, बाराच्या आत कधीही फोन करा, रात्री मी शेडमध्येच असतो, तेव्हाच काय ती शांतता. मघापासून मी काय बोलायचं ते लिहून बघते आहे. पहिला मसुदा ‘तब्येत कशी आहे’ने सुरू झाला आणि त्याच्या शेवटी मी काकांना पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलं होतं. दुसऱ्यात मी सगळं मुलावर ढकललं. फाडला. तिसऱ्यात विमान विकून टाकलं. तोही फाडला. चौथा कागद शोधताना मुलाची वही हाताशी आली. काकांच्या पानामागे, एकटीच, एक ओळ होती: ‘बाईंना सांगणे: पॅनेलमागची पेन्सिलची सही पुसू नये.’ पुढे बरोबरची खूण. म्हणजे सांगूनही झालं.

मी ती ओळ बराच वेळ वाचत बसले. म्हणजे जे सांभाळायचं ते त्याने सांभाळलं होतं. राहिलं होतं ते माझंच.

“सकाळी कर गं,” आतून ह्यांचा आवाज आला. सकाळी दूध येईल, पेपर येईल, मग म्हणेन रविवारी सकाळी कशाला एखाद्याचा मूड घालवायचा, मग दुपारी ते झोपले असतील. मी मला चांगली ओळखते. आणि सोमवारी नऊ वाजता एक म्हातारा माणूस झाडलेल्या शेडच्या दारात आकाशाकडे बघत उभा असेल, आणि माझा मुलगा ते आठवून, वरून, विमान तिकडे वळवेल.

काकांना वाईट वाटेल. सहीचं सांगितल्यावर थोडं कमी वाटेल, पण सही नंतर. आधी सांगितली तर मी पुन्हा त्याच बिस्किटावर येईन. पहिला शब्द ‘नाही’. लाल पट्टी मी फोनच्या पाठीवर चिकटवली आहे, धरला की बोटाला लागते. बाराला बारा मिनिटं आहेत. नंबर लावते.